लॅपटॉपवर लिनक्स बसवताना: आधी चिप ओळखा

लॅपटॉपवर लिनक्स बसवणं हे आता अर्ध्या तासाचं काम आहे. डोकेदुखी सुरू होते ती त्यानंतर. वाय-फायची यादी रिकामी येते, झाकण मिटून ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी सकाळी संपलेली असते, स्पीकर पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. मग बहुतेक जण लॅपटॉपच्या मॉडेलचं नाव टाकून उपाय शोधतात आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी मशीनचा उपाय आपल्या मशीनवर करून बसतात. एकाच मॉडेलच्या नावाखाली कंपन्या वेगवेगळी वाय-फाय कार्डं, वेगवेगळे टचपॅड, वेगवेगळे कॅमेरे घालतात. लिनक्सचा ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम) मॉडेलच्या नावाला नाही, चिपच्या आयडीला बांधलेला असतो. त्यामुळे शोधायचं ते चिपच्या आयडीने. (याला अपवाद आहेत, ते आवाजाच्या भागात येतील.)

दुसरी गोष्ट म्हणजे ‘चालत नाही’ हे निदान नव्हे. एखादा भाग चालत नसेल तर तो चार ठिकाणी अडलेला असू शकतो: कर्नेलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) ड्रायव्हर, त्या चिपमध्ये चढवायची फर्मवेअरची फाइल (चिपचा स्वतःचा प्रोग्रॅम), लॅपटॉपचं बायॉस (सुरू होताना सर्वांत आधी चालणारं सॉफ्टवेअर), किंवा आवाज सांभाळणारं पाइपवायर, नेटवर्क सांभाळणारं नेटवर्कमॅनेजर असा वरचा थर. कुठे अडलंय हे कळलं की उपाय बहुधा दोन ओळींचा असतो. कळण्याआधी केलेले उपाय मात्र एकावर एक साचत जातात आणि महिन्याभराने कुठल्या फाइलमध्ये काय टाकलं होतं हेही आठवत नाही.

पुढे सगळ्या आज्ञा आणि फाइलींचे पत्ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या, आणि वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं लहान लिपीतली.

विंडोज पुसण्याआधी

घाईत राहून जाणारी तीन कामं आहेत. पहिलं, बायॉस अद्ययावत करून घ्या. पुष्कळ कंपन्या बायॉसची नवी आवृत्ती फक्त विंडोजवर चालणाऱ्या फाइलीच्या रूपात देतात. विंडोज गेल्यावर ते काम किचकट होतं. आणि स्लीपच्या अनेक तक्रारी बायॉसच्या जुन्या आवृत्तीमुळेच असतात.

दुसरं, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू आहे का बघा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर किंवा दुसऱ्या यंत्रावर उतरवून ठेवा. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी बायॉसमधली सोय) बंद केलं किंवा बायॉसमधलं काही बदललं की विंडोज ती मागतं, आणि तेव्हा ती नसेल तर डिस्कवरचा मजकूर गेला समजा.

तिसरं, विंडोज ठेवणार असाल तर फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना ‘शटडाउन’ केलेलं विंडोज खरं तर अर्धवट हायबरनेट झालेलं (आपली स्थिती डिस्कवर लिहून बंद झालेलं) असतं. लिनक्समधून डिस्कवरचा विंडोजचा भाग फक्त वाचता येतो, त्यात लिहिता येत नाही. आणि काही वाय-फाय चिपा अशा अवस्थेत सोडल्या जातात की लिनक्सच्या ड्रायव्हरला त्या उठवताच येत नाहीत. ‘काल वाय-फाय होतं, आज विंडोजमध्ये जाऊन आलो तर नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. तेवढ्यापुरता उपाय: लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा, मग सुरू करा.

आता लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे डिस्कवर न बसवता पेन ड्राइव्हवरूनच, लिनक्स चालवून बघा. डेस्कटॉप आला म्हणजे झालं, असं नाही. वाय-फायवर मोठी फाइल उतरवा, ब्लूटूथला हेडफोन जोडा, माइकवर आवाज रेकॉर्ड करून परत ऐका, कॅमेरा उघडा, ब्राइटनेसच्या कळा दाबा, दोन बोटांनी स्क्रोल करा, बाहेरचा मॉनिटर एचडीएमआय आणि यूएसबी-सी दोन्हींतून लावून बघा, आणि सस्पेंड करून (झोपवून) उठवा, एकदा नव्हे, तीनदा. दुसऱ्या वेळी न उठणारे लॅपटॉप पुष्कळ असतात. सस्पेंड मात्र लाइव्हवर फसलं तरी लगेच निराश होऊ नका: उठताना पेन ड्राइव्हशी संपर्क तुटला तरी सगळं गोठतं. ते बसवल्यानंतर पुन्हा तपासायचं.

लाइव्ह प्रतिमा (पेन ड्राइव्हवर चढवायची लिनक्सची फाइल) कोणती घ्यायची यालाही महत्त्व आहे. डेबियन १२ ही २०२३ ची आवृत्ती ६.१ कर्नेलवर आहे, उबुंटू २४.०४ सुरुवातीला ६.८ घेऊन आली. लॅपटॉपातली चिप त्या कर्नेलनंतरची असेल तर डिस्ट्रोचा (डेबियन, उबुंटू अशा लिनक्सच्या तयार संचाचा) काही दोष नाही. त्या कर्नेलला ती चिप माहीतच नाही. नव्या लॅपटॉपवर आधी फेडोरासारख्या नवं कर्नेल देणाऱ्या डिस्ट्रोची लाइव्ह प्रतिमा लावून बघावी. तिथे चाललं तर प्रश्न कर्नेलच्या वयाचा आहे, आणि उबुंटूत एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचं) कर्नेल किंवा डेबियनमध्ये बॅकपोर्ट्समधलं (त्याच आवृत्तीसाठी बनवलेलं नवं) कर्नेल घेऊन तो सुटतो.

आयडी काढणं आणि नोंदी वाचणं

टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवा. लांबलचक यादी येते. तिच्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ची ओळ शोधा, ओळीच्या शेवटी चौकटी कंसात ८०८६:२७२३ असं काही दिसेल. विसर्गचिन्हाआधीचा भाग कंपनीचा, नंतरचा चिपचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी रिअलटेक, १४सी३ मीडियाटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी. ८०८६:२७२३ हे इंटेलचं एएक्स२०० कार्ड. यूएसबीवर बसलेले भाग (बहुतेक कॅमेरे, फिंगरप्रिंट, ब्लूटूथ) ‘एलएसयूएसबी’ने दिसतात.

प्रत्येक भागाखाली आणखी दोन ओळी असू शकतात: ‘कर्नेल ड्रायव्हर इन यूज’ आणि ‘कर्नेल मॉड्यूल्स’. निदानाचा अर्धा भाग या दोन ओळींत आहे. दोन्ही असतील तर ड्रायव्हर जोडला गेलाय, तक्रार त्याच्या वर किंवा खाली कुठेतरी आहे. फक्त दुसरी ओळ असेल तर ड्रायव्हर आहे पण त्याने चिप ताब्यात घेतलेली नाही. एक तर तो बंदी यादीत आहे, नाही तर सुरू होताना पडला. दोन्ही नसतील तर या कर्नेलला ती चिप ओळखता येत नाही.

ड्रायव्हर पडला असेल तर का, ते नोंदीत लिहिलेलं असतं. ‘सुडो जर्नलसीटीएल -के -बी’ चालवा आणि आधीच्या यादीतलं ड्रायव्हरचं नाव त्यात शोधा. त्रुटीच्या ओळीच्या शेवटी उणे चिन्हासह एक आकडा असतो. तो नुसता आकडा नाही, कारण आहे. -२ म्हणजे फाइल सापडली नाही. हा दिसला तर आनंदच माना: फर्मवेअरचं पॅकेज बसवलं की काम झालं. त्याच ओळीत नेमकी कुठली फाइल हवी तेही लिहिलेलं असतं, आणि ती ‘/लिब/फर्मवेअर’ मध्ये असायला हवी. -११० म्हणजे चिपने वेळेत उत्तर दिलं नाही. इथे वीजबचत, बायॉस किंवा मघाचं फास्ट स्टार्टअप यांच्यावर संशय घ्यायचा. -१९ म्हणजे तिथे असं उपकरणच नाही, -२२ म्हणजे ड्रायव्हरला दिलेलं काहीतरी त्याला मान्य नाही. यापैकी -११० सर्वांत चिवट.

डेबियनच्या १२ व्या आवृत्तीपासून इन्स्टॉलरमध्ये मालकी हक्काची फर्मवेअर आपसूक येतात. त्याआधीची प्रतिमा वापरत असाल तर ती वेगळी घ्यावी लागतात, आणि वाय-फायचं फर्मवेअर वाय-फायशिवाय कसं उतरवायचं हा जुना पेच आडवा येतो. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो साधा वायरवाला नेटवर्क पोर्ट वाटतो आणि वेगळा ड्रायव्हर न बसवता चालतो.

वाय-फाय

‘आरएफकिल लिस्ट’ने सुरुवात करा. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ समोर होय असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक ऑल’. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर एखादं बटण, फंक्शन कळ किंवा बायॉसमधली सोय बंद आहे. आज्ञेने ते उघडत नाही.

तिथे अडचण नसेल तर चिप आणि कर्नेलचा मेळ बघा. ‘यूनेम -आर’ने कर्नेलची आवृत्ती कळते. इंटेल एएक्स२०० ला निदान ५.१ हवं, एएक्स२१० ला ५.१०. मीडियाटेक एमटी७९२१ ला ५.१२, एमटी७९२५ ला ६.७. रिअलटेक ८८५२एई ला ५.१६ आणि नावात एकाच अक्षराचा फरक असलेल्या ८८५२बीई ला ६.२. कर्नेल याहून जुनं असेल तर ते बदला. कुठून तरी ड्रायव्हरचा स्रोत उतरवून हाताने बसवू नका. असा ड्रायव्हर कर्नेलच्या पुढच्या अपडेटला मोडतो, आणि वाय-फाय मोडलेलं असल्यामुळे दुरुस्तीही उतरवता येत नाही. ब्रॉडकॉमची जुनी कार्डं एवढाच नाइलाज: त्यांना कंपनीचा ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हर लागतो. तो डिस्ट्रोच्या पॅकेजमधूनच घ्यावा.

जोडलं जातं, पण तुटत राहतं किंवा वेग कासवाचा असतो, ही वेगळी तक्रार आहे आणि तिचं नेहमीचं कारण वीजबचत. दोन पातळ्यांवर ती चालते. एक नेटवर्कमॅनेजरची: ‘/ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी’ मधल्या (इथे नेटवर्क आणि मॅनेजर या दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर मोठं) फाइलीत ‘वायफाय.पॉवरसेव्ह’ची किंमत ३ असेल तर २ करा. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. ० आणि १ यांचा अर्थ वेगळा आहे, म्हणून ‘बंद करायचंय तर शून्य’ असा अंदाज इथे चुकतो. दुसरी पातळी पीसीआय दुव्याची (कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातली जोडणी; तिच्या वीजबचतीला एएसपीएम म्हणतात). रिअलटेक आणि मीडियाटेकच्या चिपा दुवा झोपवला की काही लॅपटॉपांवर उठत नाहीत. ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ मध्ये नवी फाइल करून (नाव काहीही, शेवट ‘.कॉन्फ’) एक ओळ लिहा. एमटी७९२१ साठी ‘ऑप्शन्स एमटी७९२१ई डिसेबल_एएसपीएम=१’, रिअलटेकच्या ८८२१सीई घराण्यासाठी ‘ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_पीसीआय डिसेबल_एएसपीएम=१’. लॅपटॉप पुन्हा सुरू करा आणि तासभर वापरून बघा. फरक पडला नाही तर ती फाइल पुसा. न लागू पडलेली ओळ तशीच ठेवली तर बॅटरी फुकट जाते.

फक्त ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसत नसेल तर देशाचा कोड बघा. ‘आयडब्ल्यू रेग गेट’मध्ये ०० दिसत असेल तर कार्ड सर्वांत कडक नियम पाळतंय आणि काही चॅनेल गाळतंय.

शेवटचा उपाय कार्ड बदलण्याचा, आणि तो बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. मात्र आधी मागचं झाकण उघडून कार्ड सुटं आहे का बघा. पातळ लॅपटॉपांत ते मदरबोर्डवरच डाकलेलं असतं. सुटं असेल तर ते बहुधा एम.२ प्रकारचं, २२३० मापाचं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ३० लांब. त्या जागी इंटेल एएक्स२१० चालतं. एएक्स२०१ किंवा एएक्स२११ घेऊ नका: त्यांचा अर्धा भाग इंटेलच्या चिपसेटमध्ये असतो. एएमडीच्या लॅपटॉपात ती मुळीच चालत नाहीत आणि इंटेलच्याही जुन्या पिढ्यांत नाहीत. काम करताना बॅटरीची केबल आधी सोडवा. अँटेनाच्या दोन तारांची टोपणं अगदी नाजूक असतात. प्लास्टिकच्या पातीने सरळ वर उचला, तिरकी ओढली तर कड वाकते आणि परत बसत नाही. काही जुन्या लॅपटॉपांचं बायॉस ठरावीक कार्डंच स्वीकारतं आणि परकं कार्ड दिसलं की सुरूच होत नाही. तेवढं खरेदीआधी तपासा.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही

यादीत फक्त तुमचा पेन ड्राइव्ह दिसतोय आणि इंटेलचा लॅपटॉप आहे, तर बायॉसमध्ये साठवण ‘आरएसटी’, ‘रेड’ किंवा ‘व्हीएमडी’ या पद्धतीवर ठेवलेली आहे. ती एएचसीआय या साध्या पद्धतीवर आणायची किंवा व्हीएमडी बंद करायचं. विंडोज ठेवणार नसाल तर इतकंच. ठेवणार असाल तर थेट बदलू नका, विंडोज निळ्या पडद्यावर अडकेल. आधी बिटलॉकर तात्पुरता थांबवा. मग विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ उघडून बूटच्या पानावर सेफ बूटला खूण करा, पुन्हा सुरू करताना बायॉसमध्ये शिरून पद्धत बदला, आणि विंडोज सेफ मोडमध्ये उघडू द्या. त्या वेळी ते योग्य ड्रायव्हर धरतं. मग खूण काढून नेहमीसारखं सुरू करा. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही; खात्याचा पासवर्ड आठवत असल्याची खात्री आधी करा.

स्लीप: बॅटरी जाते कुठे

हा सगळ्यांत मोठा विषय. जुने लॅपटॉप एस३ नावाच्या स्लीपमध्ये जात: रॅमला थोडी वीज, बाकी सगळं बंद. नव्यांमध्ये पुष्कळदा ती सोयच बायॉसमधून काढून टाकलेली असते आणि तिच्या जागी ‘एस२आयडल’ असतं, ज्यात यंत्र तांत्रिकदृष्ट्या चालूच असतं आणि प्रत्येक भागाने आपापलं झोपायचं असतं. एक जरी जागा राहिला तरी प्रोसेसर खोल झोपेत जात नाही. सगळ्यांनी एकदम झोपायचं, नाही तर कुणीच नाही.

तुमच्याकडे काय आहे ते ‘कॅट /सिस/पॉवर/मेम_स्लीप’ सांगतं. दोन शब्द दिसले आणि त्यांत ‘डीप’ असेल तर एस३ उपलब्ध आहे. चौकटी कंसात जो शब्द असतो तो सध्या वापरात. ‘डीप’ असून वापरात नसेल तर कर्नेलला ‘मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप’ हा पर्याय द्या. यादीतच ‘डीप’ नसेल तर बायॉसमध्ये स्लीपच्या प्रकाराची निवड आहे का बघा. काही कंपन्या तिथे ‘लिनक्स’ असा पर्याय ठेवतात. तिथेही नसेल तर एस२आयडलशीच जुळवून घ्यायचं.

कर्नेलचा कुठलाही पर्याय कायमचा लिहिण्याआधी एकदाच वापरून बघता येतो, आणि तसाच बघावा. ग्रबच्या (सुरुवातीला लिनक्स चढवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूत ‘ई’ कळ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून पर्याय लिहा, एफ१० दाबा. चुकलं तर पुन्हा सुरू केल्यावर सगळं पूर्ववत. बरोबर आलं तर ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ मधल्या कमांड लाइनच्या ओळीत घालून ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. फेडोरात हेच काम ‘ग्रबी’ करतं.

आता मोजमाप, कारण ‘बॅटरी खूप जाते’ यावर कुणालाच काही करता येत नाही. चार्जर काढा. ‘कॅट /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट०/एनर्जी_नाऊ’ चालवून आकडा लिहून ठेवा (बॅटची तिन्ही अक्षरं इथे मोठ्या लिपीत). हा आकडा मायक्रोवॉट-तासांत असतो. सस्पेंड करा, आठ तासांनी उठवून पुन्हा वाचा. समजा आधी ४२३००००० होता आणि नंतर ४०७०००००. फरक १६ लाख, म्हणजे १.६ वॉट-तास, आठ तासांनी भागले की ०.२ वॉट. हे उत्तम. अर्ध्या वॉटपर्यंत चालवून घ्यावं. दोन वॉट आले तर रात्रभरात १६ वॉट-तास गेले, ५० वॉट-तासांच्या बॅटरीचा जवळजवळ एक तृतीयांश, आणि याचा अर्थ यंत्र झोपलंच नाही, फक्त पडदा विझला. काही लॅपटॉपांत ‘एनर्जी_नाऊ’ ऐवजी ‘चार्ज_नाऊ’ असतं. ते मायक्रोअँपिअर-तासांत, म्हणून त्याला बॅटरीच्या व्होल्टेजने गुणावं लागतं.

नव्या कर्नेलमध्ये ‘/सिस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्स/लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप’ ही फाइल असते. मागच्या सस्पेंडमध्ये हार्डवेअर किती मायक्रोसेकंद खरोखर झोपलं ते ती सांगते. शून्य असेल तर कुणीतरी जागं आहे. संशयितांचा क्रम असा ठेवा: आधी बाहेरचं सगळं काढा, माउसचा डोंगल, एसडी कार्ड, यूएसबी हब. मग स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड. मग एसएसडी, विशेषतः नंतर बदललेली असेल तर. तिच्यासाठी नवं फर्मवेअर आहे का बघा. ‘एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर गेट-अपडेट्स’ बायॉस, एसएसडी, डॉक अशा अनेक भागांची अपडेट्स लिनक्समधूनच दाखवतं, अर्थात कंपनीने ती तिथे ठेवली असतील तर.

झाकण मिटल्या मिटल्या लॅपटॉप आपोआप जागा होत असेल तर प्रश्न उलटा आहे. ‘कॅट /प्रॉक/एसीपीआय/वेकअप’मध्ये कोणाला उठवायचा अधिकार आहे ते दिसतं. यूएसबी कंट्रोलरचं नाव बहुधा ‘एक्सएचसी’ किंवा त्यासारखं असतं. ते नाव, जसं दिसतं तसं मोठ्या लिपीत, रूट (प्रशासक) होऊन त्याच फाइलीत ‘एको’ने लिहिलं की अधिकार उलटतो: होता तर जातो, नव्हता तर येतो. म्हणून लिहून झाल्यावर परत वाचून बघा. हा बदल पुन्हा सुरू केल्यावर टिकत नाही, टिकवायचा तर छोटी सिस्टमडी सेवा (यंत्र सुरू होताना आपोआप चालणारं काम) लिहावी लागते.

हायबरनेटवर भिस्त ठेवणार असाल तर एक अट लक्षात असू द्या: उबुंटू आणि फेडोरात सिक्युअर बूट चालू असताना कर्नेल हायबरनेट होऊच देत नाही. तो बिघाड नाही, मुद्दाम घातलेलं कुलूप आहे.

एनव्हिडिया आणि सिक्युअर बूट

दोन ग्राफिक्स चिपा असलेल्या लॅपटॉपवर इन्स्टॉलर काळ्या पडद्यावर थांबला तर ग्रबमध्ये वरच्याच रीतीने ‘नोमोडसेट’ द्या. ड्रायव्हर बसल्यावर तो काढायला विसरू नका. राहिला तर ग्राफिक्सचा वेगच बंद पडतो, आणि ‘लिनक्सवर व्हिडिओ अडकतो’ असं म्हणणाऱ्या अनेकांच्या मशीनवर तो तसाच राहिलेला असतो.

ड्रायव्हर डिस्ट्रोच्या पॅकेजमधून घ्या, कंपनीच्या साइटवरच्या ‘.रन’ फाइलीतून नको. सिक्युअर बूट चालू असेल तर बसवताना एक पासवर्ड मागितला जातो. पुढच्या वेळी सुरू करताना एक निळा पडदा काही सेकंद दिसतो. तिथे ‘एनरोल एमओके’ (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवणं) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा लोक हमखास चुकवतात, कारण लॅपटॉप सुरू करून ते दुसऱ्या कामाला लागलेले असतात. मग ड्रायव्हर बसलेला असूनही चढत नाही आणि ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ अशी त्रुटी येते. ‘सुडो एमओकेयूटिल --इम्पोर्ट’ला किल्लीच्या फाइलीचा पत्ता देऊन तो पडदा पुन्हा आणता येतो. उबुंटूत ती फाइल ‘/व्हार/लिब/शिम-साइन्ड/एमओके’ या फोल्डरमध्ये असते.

बाहेरचा मॉनिटर फक्त कधीकधी लागतो? पोर्ट कुठल्या चिपला जोडलाय ते बघा. ‘एलएस /सिस/क्लास/डीआरएम’मध्ये कार्ड०, कार्ड१ अशा नावांपुढे पोर्टची नावं येतात. लॅपटॉपचा पडदा एका कार्डावर आणि एचडीएमआय दुसऱ्यावर असेल, तर एनव्हिडिया पूर्ण बंद केल्यावर एचडीएमआय चालणार नाही. ते तारांनीच तसं जोडलंय. सॉफ्टवेअरमध्ये त्यावर इलाज नाही. यूएसबी-सी पोर्ट पुष्कळदा दुसऱ्या चिपवर असतो, तो वापरून बघा.

आणि एनव्हिडिया रिकामी असताना झोपते का हे ‘एनव्हिडिया-एसएमआय’ने तपासू नका. ती आज्ञाच चिपला उठवते. त्याऐवजी ‘/सिस/बस/पीसीआय/डिव्हाइसेस’ खाली तिच्या पत्त्याच्या फोल्डरात ‘पॉवर/रनटाइम_स्टेटस’ वाचा. ‘सस्पेंडेड’ दिसलं की ठीक.

आवाज, आणि मॉडेलचं नाव जिथे लागतंच

सेटिंग्जमध्ये फक्त ‘डमी आउटपुट’ दिसत असेल आणि नोंदीत ‘सॉफ’ या शब्दासोबत -२ असेल तर सॉफ फर्मवेअरचं (ध्वनीच्या चिपमध्ये चढवायच्या फर्मवेअरचं) पॅकेज नाही. डेबियनमध्ये त्याचं नाव ‘फर्मवेअर-सॉफ-साइन्ड’. ते बसवून लॅपटॉप पूर्ण बंद करून सुरू करा. ‘डीएसपी_ड्रायव्हर=१’ हा जुना उपाय सर्रास सांगितला जातो. त्याने स्पीकर बोलू लागतो हे खरं, पण आतले डिजिटल माइक त्याच क्षणी गायब होतात, आणि मग माइकसाठी नवी शोधाशोध सुरू होते.

आवाज येतो पण पातळ, खर्जाविना येतो, तेव्हा चारांपैकी दोनच स्पीकर चालत असतात. खर्जाच्या स्पीकरांना सिरस लॉजिक सीएस३५एल४१ किंवा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएएस२७८१ सारखा वेगळा अँप्लिफायर असतो, आणि तो कसा जोडलाय हे बायॉसने सांगायला हवं असतं. बायॉस सांगत नसेल तर कर्नेलमध्ये त्या मॉडेलसाठी खास नोंद करावी लागते. एएमडीच्या अनेक लॅपटॉपांतल्या डिजिटल माइकचंही तसंच: ड्रायव्हरमध्ये मॉडेलच्या नावांची एक यादी आहे, तुमचं नाव तीत नसेल तर माइक नाही. सुरुवातीला म्हटलेले अपवाद हेच. इथे इक्वलायझर लावून काही साधत नाही. नवं कर्नेल वापरून बघायचं, आणि तरी नसेल तर नाव यादीत घालण्याची विनंती करायची. ती एका ओळीची भर असते आणि बहुधा स्वीकारली जाते.

कॅमेरा, बोटाचा ठसा आणि किरकोळ

‘एलएसयूएसबी’त कॅमेरा दिसत असेल तर तो जवळजवळ नक्की चालतो. दिसत नसेल आणि ‘एलएसपीसीआय’त इंटेलचा ‘आयपीयू६’ दिसत असेल तर कॅमेरा यूएसबीवर नाही, थेट प्रोसेसरला जोडलेला आहे. त्याचा मूळ ड्रायव्हर कर्नेलमध्ये ६.१० पासून आला, पण चित्र घडवायचं काम लिबकॅमेरा हे वेगळं सॉफ्टवेअर करतं आणि प्रत्येक सेन्सरला स्वतंत्र आधार लागतो. व्हिडिओ कॉल रोजचे असतील तर यूएसबी कॅमेरा घेऊन मोकळं व्हा.

फिंगरप्रिंटसाठी ‘एलएसयूएसबी’तला आयडी लिबएफप्रिंटच्या (लिनक्समध्ये ठसे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) यादीत शोधा. असेल तर ‘एफप्रिंटडी-एनरोल’ चालवा. नसेल तर तो विषय सोडून द्या.

पडदा लुकलुकत असेल तर पॅनेलची स्वतःहून ताजं होण्याची वीजबचत कर्नेलच्या पर्यायाने बंद करा: इंटेलवर ‘आय९१५.इनेबल_पीएसआर=०’, एएमडीवर ‘एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=०एक्स१०’. ब्राइटनेसच्या कळांनी पट्टी हलते पण उजेड बदलत नाही, तेव्हा ‘एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह’ वापरून बघा. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचं असेल तर बॅटरीच्या फोल्डरात ‘चार्ज_कंट्रोल_एंड_थ्रेशोल्ड’ फाइल आहे का बघा. आहे तर तीत ८० लिहा. टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डीमन ही वीजबचतीची दोन साधनं एकाच वेळी ठेवू नका, दोघं एकमेकांचं काम पुसत बसतात.

विकत घेण्याआधी

दुकानात किंवा ओळखीच्याकडे तो लॅपटॉप हाताशी असेल तर लाइव्ह यूएसबी लावून ‘एलएसपीसीआय’ काढणं याहून चांगली चौकशी नाही. तसं जमत नसेल तर त्याच मॉडेलच्या हार्डवेअर प्रोब वाचा. एचडब्ल्यू-प्रोब या साधनाने लोकांनी चढवलेल्या याद्यांत चिपांचे आयडी आणि काय चाललं, काय नाही, दोन्ही असतं. वाय-फाय कार्ड सुटं असणं, कॅमेरा यूएसबीवर असणं आणि स्वतंत्र एनव्हिडिया नसणं, या तीन गोष्टी जुळल्या की वरच्यातल्या बहुतेक कटकटी टळतात. बाजारात नुकतं आलेलं मॉडेल घेताना पुढचे काही महिने नवं कर्नेल वापरत राहण्याची तयारी हवी. क्वालकॉम स्नॅपड्रॅगनवर चालणाऱ्या लॅपटॉपवर नेहमीची लाइव्ह प्रतिमा चालत नाही. एआरएमची लागते आणि प्रत्येक मॉडेलचा डिव्हाइस ट्री (कुठला भाग कुठे जोडलाय ते कर्नेलला सांगणारी फाइल) वेगळा. टी२ चिप असलेले २०१८ ते २०२० मधले मॅकबुकही नेहमीच्या प्रतिमेवर कीबोर्ड आणि वाय-फायपाशी अडतात. त्यांना बदल केलेलं कर्नेल लागतं.

एवढं करूनही अडलं आणि डिस्ट्रोकडे तक्रार नोंदवायची असेल तर तिच्यात या गोष्टी घाला: ‘यूनेम -आर’, ‘एलएसपीसीआय -एनएनके’ची पूर्ण यादी, ‘डीएमआयडीकोड’मधलं मॉडेल आणि बायॉसची आवृत्ती, आणि नुकतं सुरू केलेल्या यंत्राची कर्नेल नोंद, न कापता. नोंद लावण्याआधी तिच्यातले अनुक्रमांक आणि मॅक पत्ते खोडा. पूर्वी चालत असेल तर कुठल्या कर्नेलपर्यंत चालत होतं आणि कुठल्यापासून बंद पडलं हे दोन आकडे सर्वांत वर लिहा. जुनी कर्नेलं ग्रबच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये बहुधा अजून असतात, त्यामुळे ते आकडे काढायला दहा मिनिटं पुरतात.